गोवर-रुबेलाचा दुसरा डोस खरोखरच आवश्यक आहे का?

प्रश्न (एक आई, सुदामानगर, इंदूर)
नमस्कार. माझा मुलगा आता दीड वर्षाचा आहे. नवव्या महिन्यात त्याला गोवर-रुबेलाची लस दिली होती. दुसऱ्या डोसची तारीख आशाताईंनी कार्डावर पेन्सिलीने लिहून दिली होती, ती उलटून गेली. दीड महिन्याचा असताना पेंटाव्हॅलंट (पाच रोगांविरुद्धच्या एकत्रित) लशीनंतर त्याची मांडी सुजली होती आणि रात्रभर ताप होता, त्यामुळे सासूबाई म्हणतात, "एकदा टोचून झाले ना? गोवर तर सगळ्यांनाच येऊन जातो." जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त परिचारिका, रामबाग)
ताई, हा डोस टाळू नका. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे नवव्या महिन्यातही काही बाळांच्या रक्तात शिल्लक असतात आणि लशीतील दुर्बल केलेल्या विषाणूला ती आधीच निष्प्रभ करतात. म्हणून पहिल्या डोसने शंभरातील सुमारे ८५ बालकांनाच संरक्षण मिळते. उरलेली कोणती, हे बाहेरून ओळखता येत नाही. दुसऱ्या डोसनंतर हे प्रमाण सुमारे ९७ टक्क्यांवर जाते. तो १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो, म्हणजे तुमची वेळ अजून गेलेली नाही.

सासूबाईंना आदराने एवढे सांगावे, की गोवर "येऊन जातो" तेव्हा मागे न्यूमोनिया, कानाचा संसर्ग, क्वचित मेंदूज्वर ठेवून जातो, आणि इतर रोगांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही बरीचशी पुसून टाकतो.

उत्तर (एक वडील, वडोदरा)
याला जोडून एक सांगतो. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना बाधित करू शकतो; रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. नऊ महिन्यांखालील तान्ह्यांना नेहमीच्या वेळापत्रकात ही लस नसते, तेव्हा त्यांचे रक्षण आपल्या मोठ्या मुलांच्या लसीकरणावरच अवलंबून आहे. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला; त्यानंतर तो थांबला, तो घरोघर दिलेल्या लशीच्या थेंबांमुळेच.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. पुन्हा तसाच ताप येईल का?

उत्तर (निवृत्त परिचारिका, रामबाग)
येऊ शकतो, कारण याच भेटीत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीचा; पेंटाव्हॅलंटमध्येही ही लस असते) बूस्टरही देतात. त्याचा ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. गोवर-रुबेलाचा सौम्य ताप किंवा पुरळ मात्र आठवड्याभराने दिसते, तेव्हा घाबरू नका. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, ती केंद्रावरच विचारून घ्या. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा आणि कार्ड न विसरता सोबत न्या.