वस्तीतल्या सरकारी शाळेत नवीन मूल रुळतं कशामुळे?

बाभूळवन:
गेल्या जूनमध्ये आमच्या समोरच्या बांधकामावर काम करणाऱ्या ताईच्या मुलाला घेऊन जवळच्या मनपा शाळेत गेले होते. मुलगा आठ वर्षांचा, घरी कन्नड बोलतो. ऑफिसात पहिलाच प्रश्न, शाळा सोडल्याचा दाखला आणलाय का? मग जन्मदाखला, मग आधार. यातलं काहीच नव्हतं तर म्हणे कागद घेऊन या, आणि पोरगं आपलं दारातून वर्गाकडे बघत उभं. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे की दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. तिसऱ्या खेपेला झाला प्रवेश. पण त्या माऊलीचे दोन दिवसांचे खाडे पडले त्याचं काय? माझं म्हणणं एवढंच, भिंतीवरची चित्रं न् डिजिटल बोर्ड नंतर बघू, आधी दारात आलेल्या लेकराला आत घ्या.

खडूफळा:
मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. तुमचा राग पटतो पण दुसरी बाजू पण ऐका. आमची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते, आधार जुळलेल्या पटावर ठरते. आधार नसलेलं मूल मी रोज शिकवतो, ते खिचडी खातं, पण शिक्षक मोजायच्या वेळी ते धरलंच जात नाही. दोनचार मुलांनी पद जातं हो. मुख्याध्यापक कागद मागतात ते प्रत्येक वेळी निर्दयपणाने नाही.

बाभूळवन:
सर, पद जायची भीती खरी असेल, पण ती त्या मुलाच्या माथी का? शाळाप्रवेशाला आधारची सक्ती नको हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच सांगितलंय. आधी घ्या, कागद मागाहून आपण सगळे मिळून काढून देऊ.

दोनलेकरं:
मला मूळ मुद्दाच पटत नाही. माझी मोठी वस्तीतल्याच शाळेत होती, बाई इतक्या मायाळू की पोरगी रविवारी पण शाळेत जायचं म्हणायची. पण तिसरी संपली तरी जोडाक्षरं वाचता येईनात!! कारण काय तर पट साठच्या आत, म्हणून नियमाने शिक्षक दोन आणि वर्ग पाच, त्यातले एक सर महिनाभर निवडणुकीच्या कामाला. प्रेमाने पोट भरत नाही. शेवटी धाकट्याला आरटीईच्या २५ टक्के राखीव मोफत जागांतून खासगी शाळेत घातलं. २०२४ मध्ये सरकारने जवळ सरकारी शाळा असेल तर खासगीला त्या जागांतून सूट दिली होती, हायकोर्टाने जुलैत ते रद्द केलं म्हणून बरं, नाहीतर आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? मूल शिकतंय असं दिसलं की पालक आपोआप येतात, स्वागत-बिगत लागत नाही.

खडूफळा:
दोन शिक्षक पाच वर्गांबद्दल शंभर टक्के बरोबर. पण रुळल्याशिवाय मूल वाचायला लागत नाही हेही मी रोज बघतो. माझ्याकडे ऊसतोडीवरून मार्चमध्ये परत आलेली एक मुलगी पंधरा दिवस तोंड उघडत नव्हती. खिचडी करणाऱ्या मावशी तिच्याच भाषेतल्या, त्यांनी तिला ताटं मोजायला लावलं आणि तिथून ती बोलायला लागली. आज अंकज्ञानात वर्गात पुढे आहे.

दोनलेकरं:
छान झालं, मनापासून सांगते. पण मावशी योगायोगाने तिच्या भाषेतल्या होत्या, योगायोगावर शाळा कशी चालायची? तिसरा शिक्षक मागायला कोण जाणार?

बाभूळवन:
शाळा व्यवस्थापन समिती आहे की. ७५ टक्के पालक पाहिजेत, निम्म्या बायका. आमच्याकडे बैठक बुधवारी सकाळी अकराला ठेवतात, त्या वेळी मजुरीवरची कुठली आई येणार! सह्या मात्र घरी फिरवून घेतात. तुमच्या मुलीचं वाचन, या पोराचा प्रवेश, दोन्ही तिथेच मांडायला हवं.

दोनलेकरं:
सह्या आमच्याकडेही तशाच घेतल्या होत्या, मी पण केली होती सही, न वाचता. वेळ बदलली असती तर कदाचित गेले असते.

खडूफळा:
आमच्याकडेही वेळ सकाळचीच आहे. पुढची बैठक संध्याकाळी सातला मंदिरासमोर घ्यायचं उद्याच मुख्याध्यापकांशी बोलतो. मावशींना पण बोलावणार.