धानाच्या भुशावरचा १४.५ मेगावॉटचा वीजप्रकल्प: ग्रामसभेत नेमकं काय विचारायचं?

धानपट्टा:
पूर्व विदर्भातल्या आमच्या गावाच्या शिवारात १४.५ मेगावॉटचा बायोमास वीजप्रकल्प प्रस्तावित आहे. कंपनीने ग्रामपंचायतीकडे ना-हरकत दाखला मागितलाय. इंधन म्हणून 'धानाचा भुसा व इतर कृषी अवशेष' असं लिहिलंय. जिल्हा परिषदेची शाळा जागेपासून ६०० मीटरवर आहे, पहिली वस्ती त्याहून जवळ. लोकांचा विरोध मुख्यतः दमा आणि लहान मुलांच्या छातीच्या आजारांवरून आहे. पण 'प्रदूषण होईल' म्हटलं की कंपनीचा माणूस म्हणतो, "ईएसपी (विजेच्या भाराने धुरातली धूळ प्लेटांवर ओढणारं यंत्र) लावणार, ९९.५ टक्के धूळ अडते, ही हरित ऊर्जा आहे." की संपलं. पुढे बोलायला गावाकडे आकडे नाहीत. ९९.५ टक्के म्हणजे खरंच काळजी मिटली का? जनसुनावणी का लागली नाही? आणि ठरावात काय लिहिलं तर तो फाइलमध्ये नुसता पडून राहणार नाही?

वाफ_आणि_राख:
आधी हिशेब. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीत ट्रॅव्हलिंग ग्रेट (सरकत्या जाळीवर इंधन जाळणाऱ्या) बॉयलरसाठी युनिटमागे ४२०० किलोकॅलरी आणि इंधनाचं उष्मांक मूल्य किलोला ३१०० किलोकॅलरी धरतात. म्हणजे एका युनिटला साधारण १.३५ किलो इंधन. १४.५ मेगावॉट पूर्ण भाराने २४ तास चालला तर ३ लाख ४८ हजार युनिट, म्हणजे रोज सुमारे ४७० टन भुसा.

भुशात राख १८ ते २० टक्के असते. लाकडात ती बहुतेकदा दोन-तीन टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे परदेशातल्या लाकडावरच्या प्रकल्पांची उदाहरणं कुणी दाखवली तर भुलू नका. तुमच्याकडे रोज ९० टनांच्या घरात राख निघणार. त्यातली ७० टक्के जरी धुरासोबत उडाली तरी ६३ टन धूळ ईएसपीच्या तोंडाशी येते. आता ९९.५ टक्के लावा. उरलेला अर्धा टक्का म्हणजे दिवसाला ३१५ किलो, चिमणीतून बाहेर.

आणि ती टक्केवारी वजनाची आहे. जाड कण सहज अडतात, ०.१ ते १ मायक्रॉनच्या टप्प्यात ईएसपी सगळ्यात कमजोर असतो. म्हणजे जे सुटतं त्यात फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांचं प्रमाण जास्त. नुसता मल्टिसायक्लोन (धूर गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं यंत्र) असेल तर बोलायलाच नको, तो अडीच मायक्रॉनखालचं फारसं काही धरत नाही. म्हणून टक्केवारी ऐकून घेऊच नका. घनमीटरला किती मिलिग्रॅम ते विचारा. किलोला ५ घनमीटर धूर धरला तर वरचे ३१५ किलो म्हणजे घनमीटरला जवळपास १३५ मिलिग्रॅम. १ जानेवारी २०१७ नंतरच्या कोळशाच्या औष्णिक संचांना मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तीच इथे लावली तर दिवसाला ७० किलो. तंत्रज्ञान उपलब्ध आहे, प्रश्न पैशाचा आहे.

खरी गोम ईएसपी बंद असतानाच्या वेळात आहे. बॉयलर थंड अवस्थेतून पेटवताना धूर गरम होईपर्यंत ईएसपीला वीज देत नाहीत, कारण डांबर प्लेटांवर बसतं. धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढला तरी स्फोटाच्या भीतीने ट्रिप करतात. हॉपरमध्ये, म्हणजे खालच्या नरसाळ्यात, राख साचून वर इलेक्ट्रोडला टेकली की ते फील्ड (ईएसपीचा तो कप्पा) शॉर्ट होतं. अर्धवट जळलेला काळा भुसा असेल तर प्लेटवर बसलेला कण पुन्हा उडतो. पूर्ण भारावर ईएसपी एक तास बंद राहिला तर अडीच टनांहून जास्त धूळ जाते, म्हणजे एरवीची आठ दिवसांची. त्यामुळे विचारायचं ते हे: ईएसपीला फील्ड किती? एक फील्ड बंद पडलं तर भार कमी करणार का? वर्षात किती वेळा बंद-चालू धरलंय? पर्याय म्हणून बॅग फिल्टर मागता येतो, बारीक कणांना तो चांगला, पण ठिणगीने पिशव्या जळतात. त्याआधी सायक्लोन किंवा ठिणगीरोधक हवाच, नाहीतर महिन्याभरात भोकं पडतात आणि कुणी बदलत नाही.

चिमणीची उंचीही तपासा. सूत्र आहे उंची = १४ × (तासाला किलोमधला सल्फर डायऑक्साइड) चा ०.३ घात, आणि किमान ३० मीटर. नुसत्या भुशावर, गंधक ०.१ टक्का धरून, ४२ मीटर येते. पंधरा टक्के कोळसा मिसळला तर ४८ च्या आसपास. कागदावर ४२ असेल आणि इंधनाच्या रकान्यात 'पूरक इंधन कोळसा' असेल, तर कोळसा हिशेबात धरलेलाच नाही.

फाइल_क्रमांक:
जनसुनावणीचं उत्तर आकड्यातच आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत आणि तिच्या नंतरच्या दुरुस्त्यांत १५ मेगावॉटपर्यंतचे बायोमास प्रकल्प पूर्व पर्यावरण मंजुरीतून वगळले आहेत, कोळशासारखं पूरक इंधन १५ टक्क्यांपर्यंत असेल तर. मंजुरी नाही, म्हणून ईआयए अहवाल नाही, म्हणून जनसुनावणी नाही. साडेचौदा हा आकडा योगायोगाने येत नाही. टर्बाइनची क्षमता किती, बॉयलर तासाला किती टन वाफेचा आणि पुढे विस्ताराला जागा ठेवली आहे का, हे मागा. पंधराच्या वर गेलं की खेळ बदलतो.

पण मोकळं रान नाही. हवा कायदा १९८१ चं कलम २१ आणि पाणी कायदा १९७४ चं कलम २५ यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती लागतेच, नंतर चालवण्याची वेगळी. तुमचा जोर इथे लावा. उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. पोच नसेल तर ती हरकत दिलीच नाही असं समजा.

सोबत माहिती अधिकारात अर्ज, १० रुपये, ३० दिवस. 'प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, त्यावर टोलवाटोलवी होते. नावानिशी मागा: संमतीचा अर्ज व जोडपत्रं, इंधनाचा ताळेबंद, धूळ-नियंत्रण यंत्रणेचं डिझाइन, चिमणीच्या उंचीचं गणित, राख विल्हेवाटीचा करार, पाण्याचा स्रोत. उत्तर आलं नाही की ३० दिवसांत पहिलं अपील.

संमती दिली गेली तर हवा कायद्याच्या कलम ३१ खाली अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जायचं. त्यापुढे हरित न्यायाधिकरण, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्याला. तिथे कलम १४ चा मूळ अर्ज सहा महिन्यांत, त्यावर फार तर ६० दिवसांची सवलत. चांगली चांगली प्रकरणं मुदतीवर पडतात. त्यामुळे मंडळाच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला बघणारा एक माणूस नेमा.

तणस_नको:
एक बाजू मांडतो, रागवू नका. शेतात उघड्यावर जाळण्यापेक्षा बॉयलरमध्ये जाळलेलं बरं नाही का? पंजाबात पराली जळते त्याचे हाल आपण बघतोच.

वाफ_आणि_राख:
परालीला तो युक्तिवाद लागू आहे, भुशाला नाही. धानपट्ट्यात भुसा उघड्यावर कोण जाळतो? उसना (उकडा) तांदूळ करणाऱ्या मिला तो स्वतःच्या बॉयलरला वापरतात, उरलेला वीटभट्ट्या आणि व्यापारी उचलतात. उघड्यावर जळते ती तणस, म्हणजे धानाचा पेंढा. आणि तणशीत पोटॅशियम-क्लोरीन जास्त, राख लवकर वितळते, बॉयलरच्या नळ्यांवर चिकटून दगड होतो. त्यामुळे कंपनी तणस घेत नाही, किंवा घेतली तर वारंवार बंद-चालू करावं लागतं आणि मग वर लिहिलेला ईएसपीचा प्रश्न येतो.

उलट इंधनाचा हिशेब तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. ८० टक्के भाराने वर्षाला सुमारे १ लाख ३८ हजार टन भुसा लागेल. धानाच्या वजनाच्या साधारण २० टक्के भुसा निघतो, म्हणजे जवळपास ७ लाख टन धानाचा सगळाच्या सगळा भुसा. मिला-भट्ट्या सोडून एवढा मोकळा भुसा ५० किलोमीटरच्या आत आहे का? नसेल तर भाव चढतो, आणि मग 'इतर कृषी अवशेष'मध्ये ओली लाकडं, भंगार प्लायवूड, कोळसा, काय येईल ते येतं. रंग आणि गोंद लागलेल्या लाकडातून काय बाहेर पडतं ते भुशाच्या चाचण्यांत दिसणारच नाही. आरोग्याचा धोका इंधन बदललं की बदलतो.

ओपीडी_नोंद:
आरोग्याचा मुद्दा मांडताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: चिमणीचा धूर आणि राखेची धूळ. गावकरी धुरावर बोलतात, राख विसरतात.

भुशाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका. कमी तापमानाला ती अस्फटिक असते, पण ७००-८०० अंशांच्या वर बराच वेळ राहिली की क्रिस्टोबलाइटसारखी स्फटिक सिलिका बनू लागते. श्वासावाटे जाणारी स्फटिक सिलिका आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध. सिलिकोसिस वेगळाच. तेव्हा राखेची एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणारी) तपासणी दर तिमाहीला आणि अहवाल ग्रामपंचायतीला, ही अट मागा. राख हलकी असते, उघड्या ट्रॉलीतून रस्ताभर उडते. १५-२० टक्के पाणी मारून किंवा बंद टँकरमधूनच ती बाहेर जावी. रात्री पाणी न मारता ढीग लावले की सकाळी शाळेच्या ओट्यावर करड्या रंगाचा थर. बोटाने ओढलं तरी रेघ उमटते.

साठ्याचंही बघा. ओला भुसा किंवा बगॅस (उसाचा चोथा) साठवला की बुरशी धरते. बुरशी आलेल्या बगॅसच्या धुळीने फुप्फुसाचा 'बगॅसोसिस' होतो, हे जुनं आणि पक्कं निदान आहे. हमालांना आधी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. प्रकल्प येण्याआधीची स्थिती नोंदवा. नंतर 'दमा वाढला' म्हणाल तर पहिला प्रश्न येईल, आधी किती होता? प्राथमिक आरोग्य केंद्राकडून मागच्या तीन वर्षांचे महिनावार आकडे घ्या: पाच वर्षांखालच्या मुलांचे श्वसनसंसर्ग, दम्याचे रुग्ण, नेब्युलायझर दिलेले. नावं नकोत, फक्त आकडे. घरोघरी पाहणी केली तर चूल की गॅस हे नक्की लिहा, नाहीतर समोरचा वकील सगळं चुलीवर ढकलेल. आणि अर्धं खरंही असेल त्याचं.

हवेची मोजणी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून, २४ तासांची, आठवड्यातून दोनदा, डिसेंबर ते फेब्रुवारी. हिवाळ्यात सकाळी गार हवा खाली बसते, धूर वर जात नाही. एक यंत्र शाळेच्या छतावर, एक वाऱ्याच्या उलट बाजूला. वाऱ्याची दिशा हवामान खात्याच्या गोंदिया केंद्राकडून. तुलना २००९ च्या राष्ट्रीय मानकांशी: पीएम २.५ साठी २४ तासांना ६०, वर्षाला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ चं मार्गदर्शक मूल्य वर्षाला फक्त ५ आहे, पण आपल्या अधिकाऱ्यापुढे ते टेकू म्हणूनच वापरा. प्रकल्पाआधीच हवा ६० च्या वर असेल तर 'आणखी भर घालायला जागा कुठे आहे' हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

पाणवठा:
आरोग्यावरून बायोमास अडवल्याचं एक नीट नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड. पामर रिन्युएबल एनर्जीचा ३५ मेगावॉटचा लाकडावरचा प्रकल्प, २००८ च्या सुमाराचा. आधी पाडकामाचं लाकूड जाळणार होते, विरोध झाल्यावर इंधन बदलून कच्च्या लाकडाच्या चिपा केलं. २०११ मध्ये शहर परिषदेने दिलेली विशेष परवानगी मागे घेतली, पण राज्याचा हवा परवाना मिळाला आणि प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. तिथल्या दमा-ॲलर्जी संस्थेच्या यादीत स्प्रिंगफील्ड २०१८ आणि २०१९ ला देशात दम्यात पहिलं होतं. २ एप्रिल २०२१ ला राज्याने हवा परवाना रद्द केला. कारणांत बांधकामातले खंड, परवाना जुना होणं आणि परिसराच्या आरोग्याची ताजी माहिती होती.

विरोध फक्त चिमणीपाशी थांबला नव्हता, हे बघा. अनुदानाच्या नियमावरही लढले. मॅसॅच्युसेट्सने २०१२ मध्ये नुसती वीज करणाऱ्या कमी कार्यक्षम बायोमासला अक्षय ऊर्जेचे लाभ जवळजवळ बंद केले. ते पुन्हा सैल करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा एप्रिल २०२१ ला वंचित वस्त्यांपासून पाच मैलांच्या आतल्या प्रकल्पांना लाभ नाही असं राज्याने जाहीर केलं. आपल्याकडे तसा अंतराचा नियम नाही, पण वीज कोण घेणार, कुठल्या दराने, करार झालाय का, हा प्रश्न महावितरणला विचारता येतो. करार नसेल तर प्रकल्पाच्या नावावर जमीनच गोळा होतेय का, तेही बघावं लागेल.

धानपट्टा:
धन्यवाद सगळ्यांना. भुशाचा हिशेब तालुक्यातल्या मिलांची यादी घेऊन ताडून बघतो. ठरावाचे शब्द राहिले.

फाइल_क्रमांक:
भाऊ, ठराव हा नकाराधिकार नाही, हे गावाला आधीच सांगा, नाहीतर नंतर लोक खचतात. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर पेसामुळे (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) वजन जास्त, तरी थेट व्हेटो नाही. 'प्रकल्पास तीव्र विरोध आहे' एवढंच लिहिलेला ठराव अधिकारी एका ओळीत निकालात काढतो. कारणं आकड्यांसह लिहा, म्हणजे प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं. साधारण असा:

"खालील कागदपत्रे ग्रामसभेसमोर न आल्याने ना-हरकत दाखला देण्यात येऊ नये: (अ) ५० कि.मी. परिघातील भुशाच्या उपलब्धतेचा मिलनिहाय तपशील; (आ) धुळीची हमी मर्यादा मिलिग्रॅम प्रति घनमीटरमध्ये, बंद-चालू काळासह; (इ) रोजच्या राखेची विल्हेवाट व खरेदीदाराचा करार; (ई) शाळा व वस्तीवरील हिवाळी हवा मोजणी. कोळसा अथवा रंग-गोंद लागलेले लाकूड वापरण्यास ग्रामसभेची संमती नाही."

गणपूर्तीची नोंद, सह्या-अंगठे, इतिवृत्ताची साक्षांकित प्रत त्याच दिवशी घ्या. सही होईपर्यंत ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) टेबलावरून उठू नका, आठवड्याने इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच उरतं. प्रत मंडळाला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि महावितरणला, तिन्हीकडे पोच घेऊन.

वाफ_आणि_राख:
(आ) मध्ये एक भर: ऑनलाइन मापन यंत्राचे आकडे गावात फलकावर दिसावेत, ईएसपीच्या प्रत्येक फील्डचं व्होल्टेज आणि करंटसुद्धा. नुसता चिमणीचा आकडा दाखवला तर मीटर कधी आणि कसं तपासलं ते कळत नाही. फील्ड बंद असताना चिमणीचा आकडा तसाच राहिला, तर चूक मीटरमध्ये आहे.