फ्रँकेन्स्टाइनच्या त्या जिवाचं चित्र काढावं का?

पानोपानी
जपानी चित्रकथाकार जुंजी इतोचं चित्ररूप 'फ्रँकेन्स्टाइन' काल रात्री संपवलं. २०१९ साली त्याला रूपांतरासाठीचं आयस्नर हे चित्रकथांचं पारितोषिक मिळालंय आणि रेखाटन बघून ते का मिळालं हे कळतं. तरीही माझं ठाम मत आहे की या कादंबरीला चित्रात आणूच नये.

मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत मधली कितीतरी प्रकरणं व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला तो जीव स्वतः बोलतो. (राक्षस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.) डी लेसी कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, फटीतून बघत तो भाषा शिकतो. एक दिवस बाकीचे बाहेर गेल्यावर आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जाऊन बसतो. म्हाताऱ्याला चेहरा दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो, आणि तो त्याच्याशी माणसासारखं बोलतो. मग मुलगा फेलिक्स येतो, बघतो आणि काठीने झोडपायला लागतो.

मजकूर वाचताना आपण त्या म्हाताऱ्याच्या जागी असतो. चित्र आलं की फेलिक्स होतो. फुग्यातलं वाक्य कितीही करुण असलं तरी शेजारी ते टाके आणि ते डोळे असतात, नजर आधी तिथेच जाते. आल्प्समधल्या हिमनदीवर भेट होते तेव्हा तो व्हिक्टरच्या डोळ्यांवर हात ठेवतो. बघवत नसेल तर बघू नकोस, पण माझं ऐक. याहून स्पष्ट शेलीने काय सांगायचं?

शाईचा डाग
नाही पटलं. शेलीने चेहरा कुठे लपवलाय? खालचे स्नायू आणि धमन्या जेमतेम झाकणारी पिवळी कातडी, काळे केस, मोत्यासारखे दात. तो डोळे उघडतो तिथेच हे सगळं लिहिलंय. तुम्ही ते विसरलात, कारण मजकुरात चेहरा विसरता येतो. चित्र विसरू देत नाही. फेलिक्सच्या जागी उभं राहून, समोर बघत, काठी खाली ठेवणं जास्त अवघड आहे. आंधळ्याच्या जागी बसून कुणालाही कळवळा येईल.

पानोपानी
हा मुद्दा विचार करायला लावणारा आहे, मान्य. पण मग त्या जिवाने मागितलेल्या नवरीचं काय? (रहस्यभेद आहे, न वाचलेल्यांनी पुढे जाऊ नये.) कादंबरीत ऑर्कनी बेटांवर व्हिक्टर अर्धवट झालेली स्त्री स्वतःच्या हाताने फाडून टाकतो. जे अजून घडलेलंच नाही त्याची त्याला भीती वाटते. इतो मात्र ती पूर्ण करतो, आणि डोकं लावतो व्हिक्टरच्या घरच्या मोलकरणीचं, जस्टिनचं! न घडलेल्याची भीती काढता येत नाही, म्हणून घडवून दाखवली.

शाईचा डाग
व्हिक्टरच्या लहान भावाच्या खुनाचा आळ आलेली जस्टिन निरपराध होती. ती फासावर गेली तेव्हा खुनी कोण हे व्हिक्टरला ठाऊक होतं आणि तो गप्प बसला. त्याच मुलीचं डोकं त्याच्याच टेबलावर उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघतंय. कादंबरीत अपराधाच्या बोचणीवर परिच्छेदच्या परिच्छेद आहेत, इथे एका चौकटीत काम होतं. माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात उत्तम जागा तीच.

पाणकावळा
चित्रकार बर्नी राइटसनची १९८३ ची आवृत्ती कुणी बघितली नाही का? कादंबरी अख्खी, मध्येमध्ये शाईची पानभर चित्रं. चित्र येतं, थांबतं, आणि पुढची कितीतरी पानं पुन्हा नुसता आवाज. १९३१ च्या सिनेमाने त्या जिवाची वाचाच काढून घेतली होती, राइटसनने तिला धक्का लावला नाही.

आणखी एक. मावशीला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, म्हणून मी तिला हे पुस्तक जमेल तसं मराठी करत रोज थोडं वाचून दाखवतोय. खोपटातली प्रकरणं ऐकताना तिने दोनदा विचारलं, "अरे, पण तो जेवतो काय?" भीतीचा शब्दसुद्धा काढला नाही.

पानोपानी
हेच तर मी म्हणतेय!

शाईचा डाग
मावशींना चित्रं दाखवलीत का?

पाणकावळा
अजून नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. पट्टी निघाली की राइटसन आधी दाखवेन, मग इतो. काय म्हणते ते इथेच लिहितो.