आजीच्या तोंडी आडवळणाचं बोलणं कसं घालू?

रंगपट:
एकांकिका लिहितेय. घर सांगली बाजूचं, काळ १९७० च्या आसपासचा. घरातली आजी अशुभ काही थेट बोलतच नाही. तिच्या लेखी दिवा विझत नाही, 'शांत होतो'. बांगडी फुटत नाही, 'वाढते'. मुलगा गेल्याची तार येते आणि ते आजीने नातवाला सांगायचं, असा प्रसंग आहे. मी लिहिलंय, 'तुझ्या बापानं अनंताच्या वाटेवर पाऊल टाकलं रे!' पहिल्याच वाचनाला दिग्दर्शक म्हणाला, आजी कविता म्हणतेय. आडवळणानं बोलणं कुठे संपतं आणि लांबण कुठे सुरू होते? अलंकारशास्त्रात याला काही नाव आहे का?

निवृत्त मास्तर:
आहे की. पर्यायोक्त. भामहाने सूत्रच दिलंय, 'पर्यायोक्तं यदन्येन प्रकारेणाभिधीयते'. सांगायचं तेच, पण निराळ्या प्रकाराने. याचं नामी उदाहरण राहूचं (शाळेत देता येत नाही, का ते कळेलच). विष्णूने राहूचं मुंडकं उडवलं, एवढंच सांगायचंय. कवी म्हणतो, त्याच्या चक्राच्या हुकमासरशी राहूच्या बायकांच्या वाट्याचं आलिंगन गेलं, उरलं नुसतं चुंबन. मुंडकं नाही, रक्त नाही. धड गेलं, तोंड राहिलं, हे ऐकणारा आपल्या मनाने जुळवतो. त्याला जुळवायला काही ठेवलंच नाही की लांबण झाली म्हणून समजा.

पण तुमच्या कामाची आहे ती पानिपतची चिठ्ठी. १४ जानेवारी १७६१ ला घात झाला. नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले, त्यांच्या हाती एका सावकाराची चिठ्ठी लागली: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. (शब्दांत पाठभेद आहेत, मतलब हाच.) मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. सावकार रोज ज्या भाषेत वही लिहायचा, त्याच भाषेत त्याने मरण लिहिलं. नाव एकाचंही घेतलं नाही, पण कुणाचा जीव किती मोलाचा ते बिनदिक्कत मांडून गेला. हजारो शिपाई खुर्द्यात! थेट बातमीत हे उघडं पडलं नसतं.

तुमची आजी 'अनंत' कुठून आणणार, बाई? तिच्याजवळ चूल आहे, देवघर आहे, गोठा आहे. 'अनंत' म्हटलं की आजी गेली आणि लेखिका बोलायला लागली. मी असतो तर तिच्या तोंडी एवढंच घातलं असतं: 'शेजारच्या काकांना सांगून ये, दहा दिवस आमच्या देवांची पूजा तुम्ही करा म्हणावं.' मेला नको, सुतक नको. त्या काळच्या पोराला तेवढ्यावर कळेल. आजच्या प्रेक्षकांपैकी पुढच्या रांगेतल्या बायकांना कळेल, त्यांनी पदर डोळ्याला लावला की बाकीच्यांनाही.

खर्डेघाशी:
मास्तरांच्या म्हणण्याला पुरवणी. माझी हयात टिपण्या लिहिण्यात गेली. 'प्रकरण विचाराधीन आहे', 'नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येत आहे'. आडवळण हेही, फक्त इथे वाचणाऱ्याला काहीच जुळवता येऊ नये हीच इच्छा असते. कार्यवाही कोण करतंय? कुणीच नाही, ती 'करण्यात येते'. नाटकात तलाठी किंवा साहेब असेल तर त्याला ही भाषा द्या. आजीच्या शेजारी ठेवून बघा, दोघांतला फरक न सांगता दिसेल.

माजघर:
मास्तर, वाक्य झकास आहे, पण ते एकदम आलं तर फुकट जाईल. आजीची खोड प्रेक्षकांना आधी हसत हसत कळायला हवी. माझ्या सासूबाई डब्यात हात घालून 'तांदूळ उदंड झालेत गं' म्हणाल्या की मी पिशवी घेऊन वाण्याकडे. नवी होते तेव्हा मी त्या 'उदंड'वर निर्धास्त बसले आणि ऐन जेवणाच्या वेळी पंचाईत. असं काहीतरी पहिल्या पाच मिनिटांत घाला. लोक एकदा हसले की आजी उलटं बोलते हे त्यांच्या डोक्यात बसतं. आणि तिला इतकी सोज्वळ करू नका हो. लेकी बोले सुने लागे ही कला तिच्याच पिढीची. सुनेला दोन टोमणे मारू द्या.

रंगपट:
'अनंत' खोडला. तांदूळ पहिल्या पानावर घेतलेत, चालेल ना? टोमणाही घातला, सून चहा देते तेव्हा: 'साखर महागली वाटतं.' पूजेचा निरोप ऐकून नातू फक्त 'किती दिवस?' एवढंच परत विचारतो आणि आजी 'दहा' म्हणते. दिग्दर्शकाला तिथे बासरी हवी आहे, मी अडून बसलेय. आता भांडण एवढ्यावरच उरलंय.

निवृत्त मास्तर:
बासरी नको. आणि तारवाल्याला एक शब्दही देऊ नका, नुसती सही घेऊन जाऊ दे.