मदत हवी आहे: दुष्काळी भागातील एडिस डासाचा अधिवास मॉडेलमध्ये कसा आणावा?

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला महाराष्ट्रात कुठे कुठे अनुकूल परिस्थिती मिळू शकते, याचा नकाशा मी मॅक्सेन्ट (प्रजाती आढळल्याच्या नोंदींवरून तिला अनुकूल जागांचा अंदाज बांधणारे सॉफ्टवेअर) वापरून तयार करीत आहे. वर्ल्डक्लिम या जागतिक हवामान-माहितीसंचातील, तापमान आणि पर्जन्यमानावर आधारित 19 जैवहवामान घटक सुमारे 1 किलोमीटरच्या जाळीवर घेतले असून, एकमेकांशी घट्ट निगडित असलेले घटक आधीच वगळले आहेत. डास आढळल्याच्या नोंदी जीबीआयएफ या जीवप्रजातींच्या नोंदींच्या खुल्या जागतिक संग्रहातील आहेत. त्या प्रामुख्याने शहरांभोवतीच्या असल्यामुळे प्रत्येक चौकटीत एकच नोंद ठेवली आणि पार्श्वभूमीचे (तुलनेसाठी घेतलेले) बिंदूही इतर डासांच्या नोंदी जिथे झाल्या आहेत तिथूनच निवडले.

तरीही मराठवाड्याचा बराचसा भाग प्रतिकूल दिसतो, आणि ते मला मुळीच पटत नाही. जिथे टँकर आठवड्यातून एकदा येतो, तिथे रांजण, पिंपे आणि सिमेंटच्या टाक्या भरून ठेवाव्याच लागतात. पिंपाचे झाकण उचलले की आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेलगत, बारीक काळी अंडी चिकटलेली दिसतात. पाऊस नसला तरी पाणी घरात साठलेले असते, हे केवळ तापमान आणि पर्जन्यमानावर चालणाऱ्या मॉडेलला कळणार कसे?

2011 च्या जनगणनेतील पाण्याच्या स्रोताची माहिती आता जुनी झाली आहे, नव्या सर्वेक्षणासाठी निधी नाही आणि सशुल्क उपग्रहचित्रे परवडणारी नाहीत. अशा स्थितीत घरगुती पाणीसाठ्याचा अंदाज देणारा, तालुका किंवा गावपातळीवर मोफत मिळणारा कोणता घटक वापरता येईल, आणि तो घातल्यावर मॉडेलची पडताळणी संपूर्ण जिल्हे बाजूला ठेवून करणे योग्य ठरेल का?