आधी ऊब बघा, मग खाऊ बदला

तुमचं तीन महिन्यांचं बिअर्डेड ड्रॅगन (घरी पाळतात तो सरडा) दिवसाला दोनच रातकिडे खातं आणि पाल्याकडं ढुंकूनही बघत नाही, म्हणताय. खाऊ बदलायच्या आधी त्याच्या पेटीतल्या उबेच्या दिव्याखालच्या दगडाचं तापमान मोजा. तिथं ४० अंशांच्या आसपास हवं. ऊब नसेल तर पचत नाही, मग भूक कुठली लागणार? आमच्याकडं गेल्या जुलैत (कोल्हापूरचा पाऊस, सांगायला नको) दगड २९ वर आला होता. पठ्ठ्या डोळे मिटून पडलेला. दिवा चार बोटं खाली घेतला, तिसऱ्या दिवशी रातकिड्यावर झडप! यूव्हीबी ट्यूबही (उन्हातले अतिनील किरण देणारी) हवीच, खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही.

किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, वर कॅल्शियमची पावडर भुरभुरवा. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं द्या. उरलेले काढून घ्या, रात्री तेच पिल्लाला चावतात. उसाच्या फडातले नाकतोडे नकोत, फवारणी असते. आणि काजवा तर चुकूनही नाही, एकानंही जीव जाऊ शकतो.

पाल्याचं एवढं टेन्शन घेऊ नका, या वयात किडेच जास्त लागतात. आमचा शेवटी जास्वंदीच्या लाल पाकळीला भुलला.