फ्रिज भंगारात दिला, पुढे त्याचं काय झालं?

हडपसरचा_पाहुणा
गेल्या रविवारी आमचा अठरा वर्षांचा फ्रिज गेला. भंगारवाल्याने ९०० रुपये मोजले, फ्रिज हातगाडीवर आडवा घातला आणि सोसायटीच्या गेटबाहेर जाताच मागची तांब्याची नळी पक्कडीने कापली. फुस्स झालं. मग काळपट तेलाची धार रस्त्यावर. कॉम्प्रेसर सुटा करून गोणीत, डबा गाडीवर. पाच मिनिटांचा खेळ. मी पैसे खिशात घालून बघत उभा.

माझं म्हणणं सरळ आहे. फ्रिज, टीव्ही, एसी, वॉशिंग मशीन विकतानाच त्यावर कायमचा नंबर टाका आणि किमतीत हजार रुपये अनामत घ्या. नोंदणी असलेल्या रिसायकलिंग कारखान्यात तो नंबर स्कॅन झाला की अनामत परत. सिलिंडरची अनामत आपण भरतोच की.

तिरकस
गाडीला आरसी असते, चासीवर नंबर असतो. तरी चोरीची गाडी एका रात्रीत सुटी होते. तुमच्या फ्रिजचा नंबर छन्नीच्या एका फटक्याचा धनी. आणि जो माणूस चौथ्या मजल्यावरून फ्रिज पाठीवर घेऊन उतरला, त्यालाच गुन्हेगार ठरवून मोकळे! कारखान्यातून कोणी आलं होतं का न्यायला?

हडपसरचा_पाहुणा
फोन केला होता एका अधिकृत म्हणवणाऱ्याला. ४०० देतो म्हणाला, आणि तेही खाली आणून दिला तर.

तिरकस
झालं मग. चर्चा संपली.

गॅसकिट
संपली कशी? मी फ्रिज-एसी दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. अठरा वर्षांचा फ्रिज म्हणजे थंडावा आणायला आत बहुतेक १३४ए गॅस. असेल शंभर-दीडशे ग्रॅम, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीच्या वर. तो गेटवरच उडाला, पुढे नंबर स्कॅन करून काय मिळणार? डबा पोचेल कारखान्यात, गॅस नाही. हल्लीच्या फ्रिजमध्ये ६००ए असतो, तो पेट घेतो. तिथे अशी पक्कड चालवणाऱ्याचीच मला काळजी वाटते.

नियम_वाचणारी
कायद्यात काय आहे ते सांगते, कारण दोघेही कंपनीला विसरलात. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुन्या यादीत २१ वस्तू होत्या, आता १०६. कंपनीला पूर्वी विकलेल्या मालाच्या ठरलेल्या प्रमाणात रिसायकलिंग झाल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात. २०२३-२४ ला ६० टक्के, २०२७-२८ पासून ८०. पण प्रमाणपत्र निघतं चारच धातूंवर: सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड. म्हणजे भंगारवाल्याला तांबं हवं आणि कायद्यालाही तांबंच हवं! गॅस, फ्रिजच्या भिंतीतला फोम, जुन्या टीव्हीची शिशाची काच यांचं प्रमाणपत्रच नाही.

हिशेबही वजनाचा, वस्तूचा नाही. तुमचा फ्रिज कुठे गेला हे प्रमाणपत्रांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलला ठाऊक नसतं. २०१६ च्या नियमांत निदान संकलन केंद्रं आणि सुटे भाग करणारे यांची नावं होती. नव्यात नोंदणी चौघांचीच: बनवणारा, विकणारी कंपनी, दुरुस्त करून परत विकणारा आणि रिसायकलर. दारातून उचलणारा कुठेच नाही.

हडपसरचा_पाहुणा
हेच तर माझं म्हणणं! वस्तूचाच हिशेब हवा. प्लास्टिक रिसायकलिंगच्या अशाच प्रमाणपत्रांचं २०२३ मध्ये काय झालं ते आठवा. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्याच तपासणीत सहा लाखांवर बनावट निघाली. कागदावरचं वजन कोणीही वाढवेल.

ओसाकाकर
इकडे जपानात २००१ पासून वस्तूचाच हिशेब आहे. फ्रिज टाकायचा तर आधी पोस्टात पैसे भरून रिसायकलिंगचं कूपन घ्यायचं, मोठ्या फ्रिजला चार-पाच हजार येन, नेण्याचे वेगळे. कूपनवरचा नंबर वेबसाइटवर टाकला की फ्रिज कारखान्यात पोचला का ते कळतं. मी टाकून बघितला, पोचला होता. उगाच बरं वाटलं.

पण दुसरी बाजूही सांगतो. पैसे वाचवायला लोक रात्री डोंगराच्या कडेला टीव्ही टाकून येतात. आणि गल्लीतून छोटे ट्रक भोंगा लावून फिरतात, "नको असलेल्या वस्तू फुकट नेतो" असं ओरडत. परवान्याबिरवान्याच्या नावाने शंख. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपला भंगारवालाच आला.

तिरकस
बघा! जपानातसुद्धा भोंगा.

बिबवेवाडीची_मावशी
आमच्याकडे रोज कचरा न्यायला ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासून आहे. या बायकांना कुठल्या घरातून काय निघतं ते कोणत्याही पोर्टलपेक्षा जास्त माहीत. नंबर स्कॅन करायचं यंत्र द्यायचं तर त्यांच्या हातात द्या, फेरीवाल्या भंगारवाल्यालाही द्या आणि स्कॅनमागे पैसे द्या. अनामत गिऱ्हाइकाला परत कशाला? त्याने फ्रिज अठरा वर्षं वापरलाय.

हडपसरचा_पाहुणा
मावशी, गिऱ्हाइकाला काहीच मिळालं नाही तर तो ज्याचा भाव जास्त त्यालाच देणार. मीही तेच केलं ना.

तिरकस
मावशींचं मला पटतंय, आणि मला सहसा कोणाचं पटत नाही. फक्त त्यात गॅसचं काय, ते राहिलंच.

गॅसकिट
गॅसचं सांगतो. माझ्याकडे रिकव्हरी मशीन आहे. नळीला टोचणी लावायची, गॅस सिलिंडरमध्ये ओढायचा, चहा होईपर्यंत काम होतं. तोच भंगारवाला रोज माझ्या दुकानासमोरून जातो. एकदा त्याला थांबवून म्हटलं, "पाच मिनिटं उभा कर, फुकट काढून देतो." तो म्हणाला, "भाऊ, पाच मिनिटांत दुसरा फ्रिज दुसरा कोणीतरी उचलतो." त्याच्या जागी त्याचं बरोबर होतं. फ्रिजमागे शंभर रुपये हातात पडले तर तो थांबेल, हे मी लिहून देतो. ते शंभर कोणाच्या खिशातून येणार तेवढं ठरवा.

हडपसरचा_पाहुणा
माझ्या ९०० मधले १०० द्यायला मी तयार होतो. खरंच.

तिरकस
होतो. फ्रिज जाऊन आठवडा झाला, साहेब.